आधी पाणी, मग चूल

गॅसची शेगडी बाजूला ठेवून इंडक्शन घ्या, प्रदूषण कमी होईल, असं कुणी म्हटलं की समोरून हमखास प्रश्न येतो: "अहो, पण वीज तरी कशातून होते? कोळशातूनच ना? मग धूर आपल्या घराऐवजी चंद्रपूरच्या वीजकेंद्रातून निघाला, एवढंच!" हा प्रश्न विचारणारा माणूस योग्य जागी बोट ठेवतो आहे. त्याला 'भविष्य विजेचं आहे' असं मोघम उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून या प्रकरणात एका सिलिंडरापासून सुरुवात करून हिशेब शेवटपर्यंत नेऊ. तो जिथे गॅसच्या बाजूने झुकेल तिथे तसं स्पष्ट सांगू. त्यानंतरच घरातलं कोणतं काम आधी विजेवर न्यावं आणि कोणतं थोडं थांबून, याचा निर्णय करता येईल.

१. आपल्या घरात गॅस कशासाठी जळतो

घरातून गॅस हद्दपार करण्याची चर्चा मुळात थंड देशांतली आहे. नेदरलँड्समध्ये गॅसच्या बॉयलरवर तापवलेलं पाणी नळ्यांमधून खोल्याखोल्यांत फिरतं आणि घर उबदार ठेवतं. ग्रोनिंगेन इथल्या प्रचंड वायुक्षेत्रातून गॅस काढता काढता जमीन खचू लागली, भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांना तडे गेले. अखेर १ जुलै २०१८ पासून त्या देशाने नव्या घरांना गॅसची जोडणी देणं बंद केलं. न्यूयॉर्क शहरानेही २०२१ मध्ये नव्या इमारतींत गॅस जाळण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आणणारा कायदा केला. तिथे मुख्य लढाई हिवाळ्यातल्या उबेची आहे. महाराष्ट्रात खोली तापवायची गरज जवळजवळ नसते. आपल्याकडे गॅस जळतो तो दोनच कामांसाठी: स्वयंपाक आणि आंघोळीचं पाणी. ही दोन कामं वरवर सारखी वाटतात, दोन्हींत तापवणंच आहे. पण हिशेबात ती एकमेकांपासून फार दूर जातात आणि या प्रकरणाचा सगळा मुद्दा त्या अंतरातच आहे.

गॅसही दोन प्रकारचा असतो. सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. दाबाखाली तो द्रवरूप राहतो, म्हणून लोखंडी टाकीत भरून दारापर्यंत आणता येतो. पाइपमधून येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. मुंबईत महानगर गॅसच्या वाहिन्या १९९५ नंतर पसरत गेल्या. जळल्यावर दोन्हींतून कार्बन डायऑक्साइड निघतो. मात्र न जळता निसटलेला मिथेन वातावरण तापवण्याच्या बाबतीत वीस वर्षांच्या मुदतीत कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून जास्त घातक ठरतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अमेरिकी घरांतल्या शेगड्या मोजल्या, तेव्हा निसटणाऱ्या मिथेनपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग शेगडी बंद असतानाच झिरपत असल्याचं दिसलं. जोडांमधून आणि कॉकमधून होणारी ही गळती इतकी बारीक असते की ती नाकाला कळत नाही.

गॅसचं काम विजेने घेण्याची मुंबईला ही पहिली वेळ नाही. १८६५ मध्ये या शहराच्या रस्त्यांवर कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे लागले आणि संध्याकाळी ते पेटवत जाणारा माणूस शहराच्या जीवनाचा भाग झाला. पुढे विजेने ते काम घेतलं आणि गॅस स्वयंपाकघरापुरता उरला.

२. एका सिलिंडरात किती युनिटं

दोन इंधनांची तुलना करायची तर माप एकच हवं. वीजबिलातलं 'युनिट' त्यासाठी सोयीचं आहे. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट ऊर्जा खर्च होते. ऊर्जा गॅसमधली असो वा विजेतली, ती युनिटांत मोजता येते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळला तर साधारण पावणेतेरा युनिटं उष्णता मिळते. म्हणजे भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटं असतात.

पण ही सगळी उष्णता भाजीला लागत नाही. ज्योत भांड्याच्या बुडाला चाटून कडेने वर निघून जाते, जाळी तापते, ओटा तापतो, स्वयंपाक करणारी व्यक्ती तापते. भारतीय मानकाप्रमाणे एलपीजी शेगडीची कार्यक्षमता प्रयोगशाळेत किमान ६८ टक्के असावी लागते. घरी बर्नर चोंदलेला, भांडं लहान आणि आच मोठी असते, त्यामुळे ६० टक्के धरणं रास्त होईल. तेव्हा १८० पैकी १०८ युनिटं अन्नात गेली आणि ७२ स्वयंपाकघरात. मे महिन्यात दुपारी ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईला या ७२ युनिटांचा अर्थ आकड्यांशिवाय कळतो.

३. भांडंच तापतं

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. भिंतीतून येणारा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होतो. शेगडीतलं इलेक्ट्रॉनिक मंडल तो वेग वीस हजारांच्या पुढे नेतं. त्यामुळे वेटोळ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तितक्याच झपाट्याने उलटसुलट होतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू ठेवला तर त्याच्यात वीज खेळू लागते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं. लोखंडी बुडाच्या भांड्यात असेच भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांना होणाऱ्या विरोधातून भांडं स्वतःच तापतं. काच तापते ती भांड्याच्या स्पर्शाने. मधे ज्योत नसल्यामुळे कडेने निसटायला फारसं काही उरत नाही आणि ८५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा अन्नापर्यंत पोचते. सिलिंडरने दिलेली तीच १०८ युनिटं मिळवायला इंडक्शनला सुमारे १२७ युनिटं वीज लागेल. एक सिलिंडर म्हणजे १२७ युनिटं, ही जोडी लक्षात ठेवायची. पुढचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे.

४. चंद्रपूरचा धूर

आता मूळ प्रश्न. एक किलो एलपीजी जळला की जवळपास तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो; म्हणजे पूर्ण सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो. विजेच्या बाजूला बघा. घरात १२७ युनिटं यायची तर वहन-वितरणातली गळती धरून वीजकेंद्रांत साधारण १५० युनिटं निर्माण करावी लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकड्यांनुसार कोळसा, पाणी, ऊन, वारा, अणुऊर्जा असं सगळं एकत्र धरून देशातल्या सरासरी युनिटामागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दीडशे युनिटांचा झाला १०८ किलो. गॅसचे ४२, विजेचे १०८. शंका घेणाऱ्याचं म्हणणं आजच्या घडीला खरं आहे, आणि सरासरी विजेवर चालणाऱ्या शेगडीने आजच हवामान वाचतं असं सांगणाऱ्याने हा गुणाकार केलेला नाही.

मग प्रकरण इथेच संपवायचं का? नाही, कारण शेगडी आणि तिचं इंधन यांचं नातं दोन्हीकडे सारखं नाही. घरातला नळ तोच राहतो, पण गावाच्या टाकीत आज गढूळ नदीचं आणि उद्या धरणाचं स्वच्छ पाणी सोडता येतं. घराघरांत जाऊन नळ बदलावे लागत नाहीत. विजेची तार अशीच आहे. मागे काय जोडलं आहे त्यावर तिची शुद्धता ठरते आणि ते बदलतं आहे. २०२५ च्या मध्याला भारतातल्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी कोळसा, तेल, वायू यांच्याशिवायची झाली. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र कोळशाचा वाटा अजून जवळपास तीन-चतुर्थांश आहे, कारण सौरपट (सोलर पॅनेल) दिवसाचे काही तासच वीज देतात. गॅस आणण्या-शुद्ध करण्यात होणारं उत्सर्जन धरलं, तरी शेगडीच्या हिशेबात वीज सरस ठरायला कोळशाचा हा वाटा एक-तृतीयांशाच्या खाली यावा लागेल. त्याला वर्षं लागतील. पण आज भिंतीत घातलेली तार त्या दिवसापर्यंत दरवर्षी थोडी थोडी स्वच्छ होत जाईल, आणि ज्योतीतून मात्र किलोमागे तीन किलो हा हिशेब शंभर वर्षांनीही तोच राहील.

कार्बनखेरीज आणखी दोन गोष्टी तराजूत आहेत. भारताला वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक एलपीजी लागतो आणि त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतो. त्याचा फार मोठा भाग आखाती देशांतून, होर्मुझच्या अरुंद सामुद्रधुनीतून येतो. जगात भाव चढले की तोटा तेल कंपन्यांवर पडतो आणि तो भरून द्यायला केंद्र सरकारने २०२२ मध्ये २२ हजार कोटी आणि २०२५ मध्ये ३० हजार कोटी रुपये मंजूर केले. दुसरी गोष्ट ओट्यापाशीच्या हवेची. ज्योतीच्या तीव्र उष्णतेत हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन संयोग पावतात आणि नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. गॅस कितीही शुद्ध असला तरी हे टळत नाही. हा वायू श्वासनलिकेला त्रासदायक, दमेकऱ्यांना विशेष. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली. दहा बाय सहाच्या, एका खिडकीच्या स्वयंपाकघरात तो साठत राहतो. चंद्रपूरच्या धुराचंही हेच: तिथल्या लोकांच्या फुफ्फुसांची किंमत मुंबईकरांपेक्षा कमी नाही, आणि म्हणून तिथली चिमणी स्वच्छ करण्याचा आग्रह शेगडी बदलण्याच्या आग्रहाइतकाच जोरदार असायला हवा.

५. पाण्याची गोष्ट वेगळी

वीस लिटरची बादली पंचवीस अंशांनी तापवायची असेल तर पाण्याला ०.५८ युनिट उष्णता द्यावी लागते. हे भौतिकशास्त्राचं देणं आहे, त्यात सूट नाही. गॅस गिझर गॅसच्या उष्णतेतला पाचवा भाग वाया घालवतो असं धरलं, तर एका बादलीमागे सुमारे १७० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. कॉइलचा साधा विजेचा गिझर आजच्या विजेवर ४९० ग्रॅम काढतो, म्हणजे जवळपास तिप्पट. इथवर निकाल चुलीसारखाच. पण पाण्याच्या बाबतीत तिसरं यंत्र उपलब्ध आहे, जे चुलीच्या बाबतीत नाही.

त्याचं नाव उष्मापंप, बाजारात 'हीट पंप' म्हणून मिळतो. फ्रिजमध्ये असतं तेच यंत्र यात असतं. फ्रिजच्या मागची जाळी गरम लागते, कारण आतल्या अन्नातली उष्णता उचलून तिथे आणून टाकलेली असते. उष्मापंप भोवतालच्या हवेतली उष्णता उचलतो आणि पाण्यात सोडतो. कॉइलच्या गिझरमध्ये एका युनिट विजेची एक युनिट उष्णता होते. उष्मापंप वीज फक्त उष्णता वाहून नेण्यासाठी वापरतो, म्हणून एका युनिटात तीन युनिटं किंवा त्याहून अधिक उष्णता पाण्यात पोचवतो. हवा जितकी उबदार, तितकं हे काम सोपं. ऑस्लोपेक्षा छत्रपती संभाजीनगरात ते नक्कीच सोपं आहे. तिपटीचा हिशेब धरला तर बादलीमागे ०.१९ युनिट वीज आणि सुमारे १६५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. आजच्या कोळशाच्या विजेवरसुद्धा गॅस गिझरशी बरोबरी झाली, आणि पुढे जसजशी वीज स्वच्छ होईल तसतसं त्याचं पारडं जड होत जाईल. न्हाणीघरात ज्योतही उरत नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालला की ऑक्सिजन कमी पडतो, ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलं नाही, अशा बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात. केवळ या एका कारणासाठी गॅस गिझर न्हाणीघरातून हलवला तरी पुरेसं आहे.

बऱ्याच घरांत आज कॉइलचा गिझरच आहे. तिथे उष्मापंप बसवला तर दर बादलीमागे ०.३९ युनिट वाचतं. चार बादल्यांच्या घरात दिवसाला दीड युनिटाहून अधिक. महिन्याला एक सिलिंडर लागणाऱ्या घराच्या स्वयंपाकाला विजेवर दिवसाला सव्वाचार युनिटं लागतील. म्हणजे पाण्यातून वाचलेली वीज चुलीची तिसऱ्या हिश्शाहून अधिक गरज भागवते, वीजकेंद्रावर जादा भार न टाकता. शिवाय पाणी साठवता येतं. चांगल्या वेष्टनाच्या टाकीत दुपारी उन्हाच्या विजेवर तापवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे वापरता येतं; चहा असा आदल्या दुपारी करून ठेवता येत नाही. म्हणून क्रम हा असावा: आधी पाणी, मग चूल. गच्चीवर जागा आणि ऊन असेल तर सौरबंब उष्मापंपाहूनही सरस, कारण त्याला वीज जवळपास लागतच नाही. उंच इमारतीत सगळ्या मजल्यांना पुरेल इतकी गच्ची नसते, तिथे उष्मापंप उपयोगी पडतो. किमतीने तो साध्या गिझरच्या कित्येक पट महाग असल्यामुळे एकेका कुटुंबाला जड जातो. वसतिगृहं, इस्पितळं, हॉटेलं यांना मात्र दिवसभर गरम पाणी लागतं. तिथे वाचलेल्या विजेतून किंमत लवकर वसूल होते, आणि सुरुवातही तिथूनच व्हावी.

६. बिलाचं काय

२०२५ मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर साधारण साडेआठशे रुपयांना होता. साडेआठशेला १२७ ने भागा: पावणेसात रुपयांच्या आसपास. वीज याहून स्वस्त पडली तर इंडक्शन परवडतं, महाग पडली तर गॅस. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांचा टप्पा स्वस्त आहे आणि त्यापुढचा जवळपास दुप्पट. वहन आकार आणि १६ टक्के विद्युत शुल्क धरून तो युनिटाला दहा रुपयांच्या वर जातो. नव्वद युनिटं वापरणाऱ्या घराने चूल विजेवर नेली की नवी युनिटं जवळजवळ सगळी वरच्या टप्प्यात पडतात. अशा घराला आज इंडक्शन तोट्यात जातं, हे मान्य करावं लागेल.

पण ही निसर्गाने ठरवलेली किंमत नाही, दरपत्रकाने ठरवलेली आहे. टप्प्याटप्प्याने चढणारा दर आखताना जास्त वीज वापरणारा तो श्रीमंत, असं गृहीत धरलं होतं. चूल विजेवर आली की हे गृहीतक मोडतं, आणि एका बाजूला तिजोरीतून उचलून धरलेला सिलिंडर, दुसऱ्या बाजूला वरच्या टप्प्यातली वीज अशी असमान स्पर्धा उभी राहते. दुपारच्या वीजदराचा मार्ग अधिक समंजस वाटतो. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांतला दर किमान वीस टक्के कमी ठेवायला सांगितलं आहे, आणि महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापरावर सवलत मिळू लागली आहे. स्वतःच्या छपरावर सौरपट बसवणाऱ्यांना २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यांच्यासाठी हिशेब आजच उलटतो.

७. भाकरी, वांगं आणि गेलेली वीज

इंडक्शनवर भाकरी होत नाही, ही तक्रार अर्धी खरी. सपाट बुडाच्या लोखंडी तव्यावर ती भाजली जाते. उलटून थेट ज्योतीवर टम्म फुगवणं मात्र जमत नाही, फडक्याने दाबून तव्यावरच फुगवावी लागते. भरताचं वांगं आणि पापड यांना ज्योत हवीच. जुन्या भांड्यांचं बूड चुंबकाने तपासावं. चुंबक चिकटला तर भांडं चालेल. तांबं, पितळ आणि साधं अॅल्युमिनियम चालणार नाही, म्हणजे घरातला जुना कुकर बहुधा बाद. फोडणीचा धूर तर कोणत्याही शेगडीवर होणारच, तेव्हा खिडकी किंवा चिमणी दोन्हींना लागते.

वीज गेली तर काय, हा आक्षेप विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांसाठी वजनदार आहे. त्याला उत्तर एवढंच की दोन्ही ठेवावं. भात, डाळ, दूध, चहाचं पाणी ही उकळण्याची कामं विजेवर आणि बाकीची गॅसवर केली, तरी एक सिलिंडर बराच जास्त पुरतो. जिथे अजून लाकडाची चूल पेटते, तिथे मात्र सिलिंडर हीच मोठी प्रगती आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या. त्या घरांना सिलिंडर भरून घेणं परवडावं हे आधी बघायचं. शहरातल्या फ्लॅटला लागू असलेला युक्तिवाद त्यांच्यावर लादणं अन्याय ठरेल.

संध्याकाळच्या भाराचा आक्षेप सगळ्यांत कठीण. दहा लाख घरांनी एकाच वेळी दीड हजार वॉटची शेगडी लावली तर १,५०० मेगावॉट लागतील; कोयनेच्या सगळ्या जनित्रांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे. सगळी घरं एकाच मिनिटाला भात लावत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष भार कमी राहील, पण तो सूर्य मावळल्यावरच येईल. म्हणून बॅटऱ्या आणि धरणात पाणी उलट चढवून ठेवणारे प्रकल्प यांच्या वेगाशी जुळवूनच चुली विजेवर जायला हव्यात.

८. इमारत उभी राहताना

शेगडी दहा वर्षांत बदलते, इमारत पन्नास-साठ वर्षं राहते. मुंबई-पुण्यात आज हजारो जुन्या इमारती पाडून नव्या बांधल्या जात आहेत. रहिवाशांनी उद्याच गॅस सोडावा अशी अपेक्षा नाही. पण भिंती उघड्या असताना तारा घालणं स्वस्त पडतं आणि राहायला गेल्यावर त्या घालायच्या तर फरश्या-टाइल्स फोडाव्या लागतात. पुनर्विकासाच्या करारात सभासद चटईक्षेत्र आणि पार्किंग यांवर महिनोन्महिने बोलतात. त्याच बैठकीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: ओट्यापाशी १६ अँपिअरचे दोन स्वतंत्र पॉइंट, प्रत्येकाला वेगळा एमसीबी, जाड तांब्याची तार आणि पक्कं अर्थिंग; गरम पाण्याच्या नळ्यांना वेष्टन; गच्चीवर किंवा डक्टमध्ये उष्मापंपासाठी हवेशीर जागा; आणि मीटरखोलीत व रोहित्रात वाढीव मंजूर भाराची तरतूद. विद्युत वाहनांसाठी शेवटची तरतूद आता तशीही करावी लागते. ती करतानाच स्वयंपाकघराचा भार त्यात धरला, तर वास्तुविशारदाला आकडेमोड एकदाच करावी लागेल.